बाविसावा परीषह

नवस आणि व्रत हे दोन शब्द आपल्याकडे एका दमात बोलले जातात. त्यांच्या व्यवहारात मात्र मोठे अंतर आहे. नवसाला अट असते. पोरगा पास होऊ दे, कोर्टातला निकाल आपल्या बाजूने लागू दे, गाठ साधी निघू दे, मग मी अमुक करीन. व्रताला अट नसते. द्यायचे ते आधीच देऊन झालेले असते आणि त्यावर पावती मागायची नसते. खासबागेत दवाखाना चालवताना मागावर बसणारे, शेतीवाले, दुकानदार अशी सगळ्या जातीधर्मांची घरे मी आतून पाहिली. नवस फळलेली माणसे पाहिली आणि न फळलेलीही पाहिली. न फळलेल्यांचे दुखणे दुहेरी असते. आजार हटला नाही हे एक. इतके देवाचे केले तरी काही झाले नाही हे दुसरे. पहिल्यावर काहीतरी औषध असते. दुसरे घेऊन माणूस खुर्चीत बसतो तेव्हा डॉक्टरने फक्त ऐकायचे.

या दुसऱ्या दुखण्याला जैन शास्त्रात नाव आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, नवव्या अध्यायात, साधकाने सोसायचे बावीस परीषह दिले आहेत. भूक, तहान, थंडी, ऊन, डास यांपासून यादी सुरू होते. पुढे शिवीगाळ येते, मारहाण येते, रोग येतो. एकोणिसावा परीषह आहे सत्कार-पुरस्कार, म्हणजे मानसन्मान. तो छळाच्या यादीत घालणाऱ्याला माणसाची नाडी चांगली कळत असली पाहिजे! आणि सगळ्यात शेवटी, बाविसावा, आहे अदर्शन. इतकी वर्षे तप केले, जप केला, पण फळ काही दिसत नाही. तेव्हा हे सगळे फुकटच असेल काय, असा मनात उठणारा प्रश्न. भुकेने सुरू झालेली यादी या प्रश्नाशी येऊन थांबते.

हा बाविसावा परीषह एका माणसाने कसा पेलला, ते सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे. तो माणूस परका नाही. निपाणीच्या जवळ, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमाशेजारी भोज नावाचे गाव आहे. तिथल्या पाटील घराण्यात, १८७२ साली, आजोळी येळगुळला सातगौडा जन्मले. वडील भीमगौडा, आई सत्यवती. घरी शेती, पाटीलकी, कापडाचे दुकान. पुढे सगळ्या हिंदुस्थानाने त्यांना आचार्य शांतिसागर महाराज म्हणून ओळखले.

चरित्रांत चमत्कार भरपूर आहेत. अंगावर नाग चढला आणि महाराज ध्यानातून हलले नाहीत, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. मला स्वतःला नागापेक्षा त्यांच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे अधिक बोलकी वाटतात, कारण त्या काळात काहीच घडत नाही. त्या वेळच्या चालीप्रमाणे नवव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच ती बालवधू वारली. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. अठराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडायची इच्छा झाली. वडील म्हणाले, आम्ही आहोत तोवर घरीच राहून धर्म कर. मुलाने ऐकले, आणि वीसहून अधिक वर्षे थांबला.

हे थांबणे रुसून बसलेल्या माणसाचे नव्हते. दुकानात बसत, पण मन विक्रीत नसे; गिऱ्हाईक स्वतःच कापड मोजून घेई आणि पैसे ठेवून जाई, अशी आठवण सांगतात. शेतात दाणे टिपायला आलेली पाखरे ते हुसकत नसत. उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत. बोरगावचे आदिसागर मुनी भोजला आले की परतताना सातगौडा त्यांना खांद्यावर घेऊन नदी पार करून देत. आपल्याला जी वाट धरायची आहे, त्या वाटेवरच्या माणसाला पाठीवर घेऊन पाण्यात चालायचे आणि पुन्हा दुकानात येऊन बसायचे. बत्तिसाव्या वर्षी सम्मेदशिखरजीची यात्रा झाली. तिथे त्यांनी तूप आणि तेल जन्मभरासाठी सोडले, आणि घरी आल्यावर एकभुक्त राहू लागले. आईवडील गेल्यानंतर, चाळिशी ओलांडल्यावर, उत्तूरला देवेंद्रकीर्तींकडून त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली. मुनिदीक्षा आपल्याच जिल्ह्यात, यरनाळला, १९२० च्या सुमारास झाली.

आता त्या काळची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. दिगंबर मुनी तेव्हा बोटांवर मोजण्याइतके उरले होते. जे होते ते बहुधा देवळात राहत, आणि आहाराला निघताना अंगावर वस्त्र घेत. आहार कोणाच्या घरी व्हायचा तेही बस्तीचे उपाध्ये आधीच ठरवून ठेवत आणि मुनींना तिथे नेत. सोयीची रीत होती, कोणाला त्यात गैर वाटत नव्हते. शास्त्राची रीत वेगळी. मुनीने निमंत्रणावाचून निघायचे. कोणी दारात उभे राहून विधिपूर्वक थांबवले तरच थांबायचे. उभ्यानेच, हाताच्या ओंजळीत, दिवसातून एकदा, पाणीसुद्धा त्याच वेळी. घासात केस निघाला तर ओंजळ सोडायची, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. शांतिसागरांनी क्षुल्लक असतानाच ठरवून ठेवलेल्या घरी जायचे नाकारले. परिणाम सरळ होता. लोकांना मुनीला थांबवायचे कसे हेच माहीत नव्हते. ते हात जोडून बघत राहिले, आणि महाराज उपाशी परत फिरले. असे दिवसामागून दिवस गेले. कोणाला त्यांनी बोल लावला नाही, शिकवायलाही बसले नाहीत. पुढे लोक आपण होऊन जुन्या पोथ्या उघडून विचारू लागले की दारात उभे कसे राहायचे. आज आपल्याकडच्या कोणत्याही गावात मुनी आले की बायका कलश घेऊन दारात उभ्या राहतात. ते शिक्षण त्या रिकाम्या परतण्यांतून आले आहे.

१९२४ साली समडोळीला संघाने त्यांना आचार्यपद दिले. नंतर संघ पायी शिखरजीला गेला, पुढे उत्तर हिंदुस्थानात दिल्लीपर्यंत फिरला. नग्न मुनी शतकानुशतके ज्या रस्त्यांवर दिसले नव्हते त्या रस्त्यांवरून तो गेला. गर्दी, मिरवणुका, पदव्या. एकोणिसाव्या परीषहाची ती वर्षे होती; तो भाग मी इथेच सोडतो.

यानंतरची परीक्षा अवघड आहे, आणि ती सांगताना माझीही कसोटी लागते. १९४७ साली मुंबई सरकारने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. त्या कायद्याच्या व्याख्येत जैन हे हिंदूंत धरलेले होते. जैन धर्म स्वतंत्र आहे, त्याची मंदिरे या व्याख्येत येत नाहीत, ही महाराजांची भूमिका. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी धान्य सोडले. वय शहात्तर. सभा घेतल्या नाहीत, मोर्चा काढला नाही. अकलूजच्या जैन मंदिराचे प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी जुलै १९५१ मध्ये निकाल दिला. कायद्याचा हेतू हरिजनांना इतर हिंदूंच्या बरोबरीने आणण्याचा आहे. जिथे हिंदूंनाच कायद्याने किंवा रूढीने हक्क नाही, तिथे या कायद्याने नवा हक्क उत्पन्न होत नाही, असा त्याचा आशय. राखीपौर्णिमेला महाराजांनी पुन्हा अन्न घेतले. तोवर १,१०५ दिवस झाले होते.

आमच्या समाजात हे प्रकरण विजयाची कथा म्हणून सांगतात. मला ते तसे सांगता येत नाही. धर्माच्या स्वतंत्रतेचा मुद्दा कायद्याचा होता आणि तो कोर्टात टिकला, याबद्दल वाद नाही. पण देवळाच्या पायरीखाली जो माणूस उभा होता त्याचीही श्रद्धा होती, आणि तिची परीक्षा तीन वर्षांची नव्हती. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला तो पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. अदर्शन म्हणतात ते याहून निराळे काय असेल? आणि त्याच सुमारास, आमच्याच समाजातला, कुंभोजला जन्मलेला एक माणूस, भाऊराव पाटील, साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवत होता. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. भोज आणि कुंभोज एकमेकांपासून फार लांब नाहीत. महाराजांच्या १,१०५ दिवसांना मी हात जोडतो. भाऊरावांच्या पंगतीलाही जोडतो. दोन्हींचा मेळ घालून दाखवा असे कोणी म्हटले तर तो मला घालता येत नाही, आणि ओढूनताणून घालू नये असेही वाटते.

या साऱ्या काळात महाराज प्रार्थना काय करत होते, असा प्रश्न माझे जैनेतर मित्र विचारतात. जैन मुनीची प्रार्थना म्हणजे मुख्यतः सामायिक आणि प्रतिक्रमण. सामायिक दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. त्यात समभाव धरून बसायचे. प्रतिक्रमणात आपल्याकडून कोणाला काय इजा झाली ते आठवून मागे फिरायचे. णमोकार मंत्रात पाच परमेष्ठींना वंदन आहे. तो अथपासून इतिपर्यंत तपासला तरी मागणी एकही सापडत नाही. मागितलेच नाही, तेव्हा मिळाले नाही अशी तक्रार उभी राहायला जागा कमी राहते. कमी म्हटले, अजिबात नाही असे नाही. तसे असते तर यादीत बाविसावा घालावा लागला नसता.

मुनिजीवनाच्या साधारण पस्तीस वर्षांत महाराजांनी ९,९३८ उपवास केले अशी अनुयायांची मोजणी आहे. ती बरोबर धरली तर चारातले तीन दिवस पोटात काही नव्हते. माझ्यासारख्या वैद्यकातल्या माणसाला हा आकडा झोप लागू देत नाही. मधुमेहाच्या, आम्लपित्ताच्या रुग्णाने हे ऐकून उपवास सुरू करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

शेवटची परीक्षा डोळ्यांची. दृष्टी मंदावत गेली. तुमच्या-माझ्यासाठी ती अडचण असते. काठी धरतो, नातवाचा हात धरतो. दिगंबर मुनीचे पहिले व्रत अहिंसेचे, आणि पाऊल टाकण्याआधी चार हात पुढची जमीन पाहून, मुंगी चुकवून चालणे हा त्याचा रोजचा आचार. जमीनच दिसेना, तर प्रत्येक पावलाला व्रत मोडते. ओंजळीतला घास दिसेना, तर आहारही नीट शोधून होत नाही. म्हणजे जन्मभर ज्यासाठी सगळे सोडले तेच पाळता येईना झाले. बाविसावा परीषह यापेक्षा उघडा होऊन कोणापुढे येत नसेल. चिडावे, विचारावे, इतके करूनही माझ्याच वाट्याला हे का? महाराजांनी कुंथलगिरीची वाट धरली. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींनी उपसर्ग सोसून जिथून मुक्ती मिळवली असे परंपरा मानते, ते हे क्षेत्र. १४ ऑगस्ट १९५५ पासून त्यांनी सल्लेखना घेतली आणि आहार कायमचा सोडला. जयपूरला असलेल्या वीरसागर या शिष्याकडे आचार्यपद पाठवून दिले. सुरुवातीला मधूनमधून पाणी घेत, पुढे तेही सोडले.

शरीराचे म्हणाल तर, यकृतातला साखरेचा साठा पहिल्या एकदोन दिवसांत संपतो. मग चरबी जळू लागते, मेंदू बऱ्याच अंशी त्यावर भागवतो, आणि भुकेची धार बोथट होते. शेवटी स्नायूंवर येते. हे मी सांगू शकतो. सल्लेखना म्हणजे आत्महत्या काय, हा प्रश्न २०१५ साली राजस्थान हायकोर्टासमोर आला. कोर्टाने तिला गुन्हा ठरवले, आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेली माणसे मी तपासलेली आहेत. त्यांना एका क्षणात सुटका हवी असते, दार बंद हवे असते, आणि मागे बहुधा कोणावर तरी राग असतो. कुंथलगिरीला दार उघडे होते. हजारो लोक येत-जात होते, महाराज सर्वांची क्षमा मागत होते, आणि रोजचे सामायिक वेळेवर होत होते. हा फरक मला दिसतो. त्याबरोबर हेही म्हणतो की म्हाताऱ्या माणसाला घरच्यांनी सल्लेखनेकडे ढकलणे हे पाप आहे, आणि माझ्यापुढे तसे आले तर मी आधी सलाईन लावायला पाठवीन.

८ सप्टेंबरला, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, महाराज बोलले. ते बोलणे ध्वनिमुद्रित झाले आणि आजही ऐकता येते. बावीस मिनिटांचे आहे, मराठीत आहे. घरी-दारी कानडी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या भोजच्या पाटलाने शेवटचे शब्द आपल्या भाषेत ठेवले, याचा आनंद मराठी माणूस म्हणून मला होतो. पण त्यावर सीमेचे राजकारण कोणी करू नये. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, कुंथलगिरी हैदराबाद राज्यात, आणि या रेघा पुढल्याच वर्षी बदलणार होत्या. आवाज थकलेला आहे, मधे मधे श्वासाला थांबतो. आत्म्याचे चिंतन रोज करा, थोडा वेळ का होईना करा; संयम घ्यायला भिऊ नका; एवढेच ते परत परत सांगतात. आपल्या आयुष्याबद्दल, डोळ्यांबद्दल, त्या १,१०५ दिवसांबद्दल एक शब्द नाही. तक्रार नाही, आणि फळ मिळाल्याचा दावाही नाही.

त्यानंतर दहा दिवस गेले. १८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी सातच्या आत, छत्तिसाव्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.