जयपूरहून जयपूरला

मागच्या हिवाळ्यात एका यंत्राच्या माहितीपुस्तकाचं मराठी भाषांतर करण्यासाठी मी आठवडाभर जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात जात होते. सीकर रस्त्याला लागून असलेल्या या भागात रस्ते आकड्यांनी ओळखले जातात. एका संध्याकाळी निघताना कारखान्यामागच्या खोलीतून पंधरा-वीस मुलांचा 'सारेग, रेगम, गमप' ऐकू आला. आत सतरंजीवर सहा ते नऊ वर्षांची मुलं, बहुतेक आसपासच्या कामगारांची. गुरुजींच्या पेटीशेजारी हाथरसच्या संगीत कार्यालयाने छापलेला, कडा झिजलेला 'क्रमिक पुस्तक मालिके'चा पहिला भाग.

भाषांतरकाराची नजर आधी तिथेच जाते. हे हिंदी पुस्तक मूळ मराठी. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ते लिहिलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य: एवढ्या खुणांवर सहा भाग उभे राहिले. त्यांतला पहिला नवशिक्यांसाठी.

या पुस्तकाची एक वाट जयपूरहूनच निघते. इथले मुहम्मद अली खाँ 'कोठीवाल' यांच्या घराण्यात बंदिशींचा मोठा साठा होता. त्यांचे मुलगे आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून भातखंड्यांनी शेकडो चिजा मिळवल्या आणि त्यांतल्या कितीतरी छापून टाकल्या. ज्या काळात गुरू एक अस्थाई द्यायला वर्षभर झुलवत असे, त्या काळात हे केवढं मोठं दान! आणि केवढी जोखीमही. घराण्याची मिळकत बाजारात आठ आण्याला मिळू लागली, तर घराण्याकडे काय उरणार?

एकत्र शिकवण्याची कल्पना त्याआधीची. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढली. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि गाण्याला वर्ग, वेळापत्रक, परीक्षा आली. मिरजेला बाळकृष्णबुवांच्या घरी राहून, गुरूची सेवा करत ते स्वतः शिकले होते. ज्या पद्धतीने आपण घडलो, ती सर्वांना परवडणारी नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असावं.

या वर्गांवरचा आक्षेप तेव्हापासूनचा आहे, आणि तो खोटा नाही. वीस मुलं एका पट्टीत गातात, तेव्हा काहींना पट्टी उंच पडते, काहींना खाली. पेटीचे सूर ठरलेले, तिला मींड काढता येत नाही. कागदावर गंधार येतो, पण भूपातला गंधार आणि देशकारातला गंधार यांतला फरक कागद सांगत नाही. तो समोर बसलेला माणूसच सांगतो. माझ्या व्यवसायातही असंच होतं. शब्द पोचतो, लहेजा वाटेत राहतो.

तरी पाच संध्याकाळी मी तिथे जाऊन बसले. मागच्या ओळीत सातेक वर्षांची एक मुलगी होती. पहिल्या दिवशी तिचे नुसते ओठ हलत होते. घराण्याच्या उस्तादासमोर ती एकटी बसली असती, तर त्यांनी गळा तपासून बहुधा तिला परत पाठवलं असतं. मुळात तिला तिथवर नेलं कोणी असतं? इथे मात्र इतरांच्या आवाजाआड तिला लपता येत होतं. चौथ्या दिवशी 'पधनि' म्हणताना तिचा आवाज वेगळा ऐकू आला. धैवत जरा उतरलेला होता. गुरुजींनी पेटी थांबवली नाही, फक्त तो पलटा सगळ्यांकडून आणखी तीनदा म्हणवून घेतला. तिसऱ्या खेपेला तिचा सूर लागला. तिला वेगळं काढून चूक दाखवली असती, तर ती दुसऱ्या दिवशी आली नसती, असं गुरुजी नंतर मला म्हणाले.

जयपूरच्या हवेलीतली विद्या मुंबईत मराठीत उतरली, हाथरसला हिंदीत गेली आणि आज जयपूरच्या कारखान्यांमध्ये परतली आहे. वाटेत पुष्कळ सांडलं. कोठीवालांच्या चिजांपर्यंत ही मुलं कदाचित पोचणारही नाहीत. पण ज्या गावातून ती विद्या निघाली, त्याच गावात तेव्हा या मुलीसाठी दार नव्हतं. ते दार उघडायला एवढा लांबचा वळसा लागला. सांडल्याचा हिशेब मी मांडते, तेव्हा हेही जमेच्या बाजूला लिहावं लागतं.