अंधुक स्क्रीन

मागच्या पावसाळ्यात चार दिवस कडावला घरी होतो. बाहेर धो धो पाऊस, शेतावर जाणं शक्य नाही, म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आवरायला काढली. तळाशी एक जुना एमपी3 प्लेअर सापडला. बोटाएवढा, एका बारक्या पेन्सिल सेलवर चालणारा. 2006 साली पहिल्या पगारातून घेतलेला.

त्यातली गाणी आज कुठेही मिळतात, त्यांचं काही नाही. पण त्याला एक माइक होता आणि त्यावर मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आजी 2009 साली गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

नवा सेल घातला. कानात गाणं सुरू झालं. म्हणजे यंत्र जिवंत होतं, पण स्क्रीन मात्र काळाठिक्कर. तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरला जोडायचा की सरळ. तेच आधी केलं. पण यूएसबीचं तोंड पार गंजलेलं, कॉम्प्युटरला पत्ताच लागेना. आता एकच मार्ग, मेनूत जाऊन फाइल शोधायची. आणि मला पक्कं आठवत होतं की त्या मेनूत 'प्ले'च्या लगेच खाली 'डिलीट' आहे. अंदाजाने बटणं दाबली आणि एक चुकलं तर? हात पुढे होईना.

दुसऱ्या दिवशी कर्जतला बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने टॉर्च मारून, तिरपा धरून पाहिलं. "दादा, एलसीडी असता तर टॉर्चमध्ये अक्षरं दिसली असती. हा स्वतः पेटणारा आहे. तो थकला. याचा स्क्रीन आता कुठे मिळणार?" पैसे घेतले नाहीत त्याने.

'थकला' हा शब्द डोक्यात राहिला. म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं.

1979 साली जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला, त्याला स्क्रीन नव्हताच. गरजही नव्हती. झाकणाच्या खिडकीतून टेप किती उरली ते डोळ्यांना दिसायचं. 1998 साली कोरियाचा एमपीमॅन बाजारात आला आणि गाणं म्हणजे फाइल झाली. पहिल्या प्लेअरांत 32 एमबी जागा, जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची गाणी. फाइल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचं नाव दाखवायला स्क्रीन आला. पुढे 2001 साली आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली, तेव्हा तर स्क्रीनशिवाय पानच हलेना.

हे स्क्रीन दोन जातींचे. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. त्यातला द्रवस्फटिक फक्त उजेड अडवतो किंवा सोडतो. 1888 साली रायनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला हा पदार्थ सापडला, तोही गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना! अशा स्क्रीनमागचा दिवा गेला तरी अक्षरं जागेवर असतात, वरून टॉर्च मारला की फिकट दिसतात. दुसरी जात ओएलईडी. 1987 साली कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी तो व्यवहारात आणण्याजोगा करून दाखवला. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागे दिवा लागत नाही, म्हणून लहान प्लेअरांना तो सोयीचा. पण उजळता उजळता त्यातला पदार्थ झिजतो. ज्या ठिपक्याने जास्त काम केलं तो आधी मंद होतो. सेल बदलून किंवा सेटिंग वाढवून गेलेलं परत येत नाही.

हे वाचताना लक्षात आलं की मी आणि दुरुस्तीवाला, दोघंही उलटं करत होतो. थकलेल्या स्क्रीनला टॉर्च नको, काळोख हवा.

आणि काळोखाला आमच्याकडे तोटा नाही. त्याच रात्री वीज गेली.

गंमत पाहा, हा तालुका मुंबईला उजेड देणारा. शेजारी खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र 1915 साली सुरू झालं आणि आमच्या भिवपुरीचं 1922 साली. घाटावर अडवलेलं पाणी खाली सोडायचं, वीज मुंबईला पाठवायची. आजी सांगायची, विजेचे मनोरे डोक्यावरून गेले होते आणि आमच्या घरात मात्र कंदील. 1942 साली माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने तेच मनोरे पाडायला घेतले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. हे सगळं ती दळताना मधेच थांबून सांगायची.

गोधडी डोक्यावरून घेतली, दहा मिनिटं डोळे मिटून पडलो आणि मग प्लेअर चालू केला. दिसलं! राखेतल्या निखाऱ्यासारखं, पण दिसलं. 'व्हॉइस 003'. 'प्ले' कुठे, 'डिलीट' कुठे, सगळं स्पष्ट.

लॅपटॉपची बॅटरी शिल्लक होती. प्लेअरच्या इअरफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर जोडली आणि चालू केलं. आधी जात्याची घरघर, मग कोंबडा, मग आजी. अकरा मिनिटं. शेवटी ती विचारते, "झालं का रे तुझं?"

गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, कित्येकींचे आवाजही टिपले. त्यांचं मोल मला त्या रात्री कळलं. माझ्याकडे फक्त अकरा मिनिटं, आणि तीही सतरा-अठरा वर्षं ट्रंकेत पडलेली.

असो. तुमच्याकडे असा एखादा प्लेअर असेल तर आजच काढा. आत सेल राहिला असेल तर आधी तो काढा, तो पाझरला की सगळंच खातो. स्क्रीन दिसत नसेल तर टॉर्च मारून बघा. तरी नाही दिसलं तर घरातले सगळे दिवे घालवून बघा.

आजीच्या ओव्यांची एकेक प्रत आता आत्याकडे, दोन्ही काकांकडे आणि माझ्याकडे आहे. प्लेअर परत ट्रंकेत ठेवलाय. सेल काढून.