धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर : एका प्रापंचिक पुरुषाचे धैर्य

आपल्या धर्मग्रामांत पुरुषांच्या श्रद्धाजीवनाचा विषय निघाला की बहुधा एकच तक्रार ऐकू येते. पुरुषमंडळी मिस्साला येतात. मात्र प्रवचन सुरू झाले की त्यांतील काही जण चर्चच्या दारापाशी रेंगाळतात. घरची जपमाळ आजीने किंवा आईने चालवायची आणि वडिलांनी सणाच्या समितीचे अध्यक्षपद भूषवायचे, अशी जणू कामाची वाटणीच झाली आहे. नेतृत्व म्हणजे व्यासपीठ, आणि धैर्य म्हणजे चढा आवाज, हा समजही बराच रूढ आहे. या पार्श्वभूमीवर, ज्याच्यामागे त्याच्या हयातीत गावातील एकही माणूस उभा राहिला नाही, अशा एका शेतकऱ्याची माहिती आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म २० मे १९०७ रोजी ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यात झाला. साल्झाख नदीकाठचे हे गाव ब्राउनाऊ जिल्ह्यात आहे. ब्राउनाऊ हे हिटलरचे जन्मगाव. फ्रान्झ यांची आई रोझालिया अविवाहित होती, कारण ती आणि मुलाचे वडील या दोघांच्याही गरिबीमुळे त्यांचा विवाह होऊ शकला नव्हता. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. १९१७ मध्ये रोझालियाने हाइन्रिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी विवाह केला व त्याने मुलाला दत्तक घेऊन आपले नाव दिले.

संतचरित्रांत बालपणापासूनची भक्ती वाचण्याची आपल्याला सवय आहे. फ्रान्झ यांच्याबाबतीत तसे काही सांगता येत नाही. तरुणपणी ते दांडगट म्हणून ओळखले जात, मारामाऱ्यांत सापडत. गावातील पहिली मोटारसायकल त्यांचीच. १९२७ मध्ये ते आयझेनएर्त्स येथील लोहखाणीत मजुरीस गेले. तेथे काही काळ त्यांनी चर्चकडे पाठ फिरविली, आणि तेथेच त्यांची श्रद्धा पुन्हा जागी झाली. १९३३ मध्ये त्यांना विवाहाबाहेर हिल्डेगार्ड ही कन्या झाली. तिच्याशी त्यांनी नाते तोडले नाही. मठात प्रवेश करावा असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. परंतु धर्मगुरू योसेफ कारोबाथ यांनी त्यांना शेती सांभाळण्याचा सल्ला दिला, व तो त्यांनी मानला.

९ एप्रिल १९३६ रोजी, पवित्र गुरुवारी, भल्या सकाळी फ्रान्झिस्का श्वानिंगर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवदांपत्य रोमच्या यात्रेला गेले. या विवाहाने त्यांच्या जीवनाला नवे वळण मिळाले, असे त्यांचे सर्व चरित्रकार मानतात. पतिपत्नी एकत्र प्रार्थना करीत, पवित्र शास्त्र वाचीत. शेतीची कामे सांभाळून फ्रान्झ रोज ख्रिस्तशरीर स्वीकारू लागले. १९३७, १९३८ व १९४० या वर्षांत त्यांना रोझालिया, मारिया व अलोइझिया या तीन मुली झाल्या. गावातील मंडळी पुढे फ्रान्झिस्का यांनाच दोष देत, की हिने आमच्या फ्रान्झला फार धार्मिक करून ठेवले. एखाद्या पत्नीवर याहून चांगला आरोप क्वचितच झाला असेल!

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. फ्रान्झ यांना गावचे महापौरपद देऊ करण्यात आले. त्यांनी ते नाकारले. १० एप्रिल रोजी विलीनीकरणावर सार्वमत घेण्यात आले. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी त्यापूर्वी पत्रक काढून होकाराच्या बाजूने कौल दिला होता, हा इतिहास आपण झाकून ठेवू नये. सांक्ट राडेगुंडमध्ये नकाराचे एकच मत पडले, ते फ्रान्झ यांचे. गावच्या अधिकाऱ्यांनी तेही नोंदविले नाही आणि गावाने एकमुखाने होकार दिल्याचे कळविले. त्या दिवसांविषयी फ्रान्झ यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पवित्र गुरुवारी येशू आणि बरब्बा यांतील एकाची निवड करणाऱ्या जमावाशी त्यांनी त्या सार्वमताची तुलना केली.

हे सारे त्यांना कोठून सुचले? त्यांचे शिक्षण गावच्या शाळेपुरतेच होते. मात्र ख्रिस्तसभेची शिकवण ते लक्षपूर्वक वाचीत. खरा कॅथलिक एकाच वेळी खरा नाझी असू शकत नाही, असे लिंत्सचे तत्कालीन बिशप योहानेस ग्फ्योल्नर यांनी जानेवारी १९३३ च्या पत्रात बजावले होते. १९३७ मध्ये पोप पायस अकरावे यांनी जर्मन भाषेत परिपत्रक काढून नाझी विचारसरणीचा निषेध केला होता. इतरांनी ही पत्रे ऐकून बाजूस ठेवली. फ्रान्झ यांनी ती खरी मानली, एवढाच काय तो फरक.

त्यांनी नाझी राजवटीकडून मिळणारा कुटुंबभत्ता घेतला नाही. गारपिटीने पीक गेले तेव्हा सरकारी मदतही नाकारली. राजकारणावरून वाद होऊ लागले तसे त्यांनी गुत्त्यावर जाणे सोडले. १९४१ च्या उन्हाळ्यापासून ते चर्चचे साक्रिस्टन झाले, म्हणजे वेदीची व मिस्साच्या साहित्याची व्यवस्था पाहू लागले. शेजारच्या गरिबांना धान्य पोहोचविण्याचा त्यांचा नेम होता.

जून १९४० मध्ये त्यांना सैन्यात बोलावणे आले तेव्हा ते गेले होते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. त्यांनी शपथही घेतली होती. महापौरांच्या खटपटीने ते काही दिवसांत घरी परतले. पण ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावणे आले आणि एप्रिल १९४१ पर्यंत त्यांनी प्रशिक्षण घेतले. या काळात दोन गोष्टी घडल्या. मनोरुग्णांना पद्धतशीरपणे ठार मारले जात आहे ही बातमी त्यांच्या कानी आली. आणि डिसेंबर १९४० मध्ये एन्स येथे त्यांनी संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात, म्हणजे प्रापंचिकांसाठी असलेल्या संघात, प्रवेश केला. घरी परतताना त्यांचा निश्चय झाला होता : पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही. म्हणजे त्यांचे धैर्य एका रात्रीत उगवलेले नव्हते. तीन वर्षे प्रार्थना, वाचन व आत्मपरीक्षण यांतून ते हळूहळू वाढत गेले.

या निश्चयात त्यांना साथ कोणाची होती? धर्मगुरू कारोबाथ यांना राजवटविरोधी प्रवचनाबद्दल १९४० मध्येच अटक होऊन गाव सोडावे लागले होते. ज्या अन्य धर्मगुरूंचा फ्रान्झ यांनी सल्ला घेतला, त्यांनी सत्ताधीशांच्या अधीन असण्याची आठवण करून दिली. अखेर ते लिंत्सला नवे बिशप योसेफ फ्लीसर यांना भेटले. एका प्रापंचिकावर राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी येत नाही, आपल्या पत्नीचा व मुलींचा विचार कर, असे बिशपांनी सांगितले. फ्रान्झ खिन्न होऊन बाहेर आले. हा आपली परीक्षा घेण्यासाठी आलेला हेर असावा अशी बिशपांना भीती वाटली असेल, असे फ्रान्झिस्का यांचे मत होते.

बिशपांचा सल्ला निष्ठुर नव्हता. आमच्यासारख्या बहुतेक धर्मगुरूंनी त्या खुर्चीत बसून तोच दिला असता, असे आम्हास प्रामाणिकपणे वाटते. ‘मुलाबाळांसाठी’ या एका शब्दात किती तडजोडी सामावतात हे प्रत्येक कुटुंबप्रमुखास ठाऊक आहे. फ्रान्झ यांनी या मुद्द्याचा नीट विचार केला होता. पत्नी व मुले आहेत म्हणून देवाचा अपराध करण्याची मुभा मिळत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. आणि आईबाप किंवा मुले यांच्यावर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, हे प्रभूचे वचन पुढे केले. आपल्या मुलींना बाप असावा, पण तो अन्यायी युद्धात इतरांच्या मुलींना पोरके करून आलेला नसावा, असे त्यांचे म्हणणे आम्ही समजतो.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तिसरे बोलावणे आले. मुली तेव्हा पाच, चार व दोन वर्षांच्या होत्या. लपून बसता आले असते. पण त्याची झळ घरच्यांना लागली असती. १ मार्च रोजी ते एन्सच्या छावणीत हजर झाले व दुसऱ्या दिवशी शस्त्र हाती घेण्यास त्यांनी नकार दिला. जखमींची शुश्रूषा करणारा सैनिक म्हणून सेवा करण्याची तयारी त्यांनी दाखविली होती. ती फेटाळण्यात आली. आधी लिंत्सच्या व ४ मेपासून बर्लिनच्या टेगल येथील लष्करी तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. ६ जुलै रोजी लष्करी न्यायालयाने देहदंड ठोठावला.

त्या महिन्यात फ्रान्झिस्का व गावचे धर्मगुरू फर्डिनांड फ्युर्टहाउअर बर्लिनला त्यांना भेटले. भेट जेमतेम वीस मिनिटांची होती. फ्रान्झिस्का यांनी सुरुवातीला पतीचे मन वळविण्याचा प्रयत्न केला होता. परंतु सारे जग त्याच्याविरुद्ध बोलत आहे हे पाहून त्या त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. आपणही साथ दिली नसती तर त्याला कोणीच उरले नसते, असे त्यांनी पुढे सांगितले. तुरुंगात फ्रान्झ यांना आणखी एक दिलासा मिळाला. फ्रान्झ राइनिश या पॅलोटाइन धर्मगुरूंनी हिटलरची शपथ नाकारली होती व ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला होता, ही हकिगत त्यांना तुरुंगाचे धर्मगुरू हाइन्रिख क्रॉइत्सबेर्ग यांच्याकडून समजली. आपण एकटे नाही हे कळल्यावर त्यांचे मन निवले.

९ ऑगस्ट १९४३ रोजी दुपारी चार वाजता ब्रांडेनबुर्ग येथे गिलोटिनखाली त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. वय ३६ वर्षे. शेवटच्या दिवशी धर्मगुरू योखमान त्यांच्यासोबत होते. आपल्या आयुष्यात भेटलेला हा एकमेव संत, असे त्यांनी नंतर काही ऑस्ट्रियन धर्मभगिनींना सांगितले. याच भगिनींच्या संघाने पुढे अस्थिकलश गावी आणला व ९ ऑगस्ट १९४६ रोजी तो चर्चलगत पुरण्यात आला.

पुढील काही वर्षांची कथा अवघड आहे. फ्रान्झिस्का यांनी सासूच्या सोबतीने शेती सांभाळून तीन मुली वाढविल्या. गावाने त्यांना दूर ठेवले. सैनिकाच्या विधवेस मिळणारे निवृत्तिवेतन त्यांना १९५० पर्यंत नाकारण्यात आले. १९४६ मध्ये लिंत्स धर्मप्रांताच्या पत्रात फ्रान्झ यांच्याविषयी लेख छापण्याचा विचार झाला, तेव्हा बिशप फ्लीसर यांनी परवानगी दिली नाही. कर्तव्य मानून लढलेल्या व मरण पावलेल्या तरुणांच्या आईवडिलांना त्यामुळे दुःख होईल, अशी चिंता त्यामागे असावी. धर्मप्रांताचे पत्र चालविणाऱ्या आमच्यासारख्यांनी मात्र न छापलेला तो लेख विसरू नये.

१९६४ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने गावात राहून, लोकांशी बोलून लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे हे नाव जगापुढे आले. येथे या कथेचा एक धागा मुंबईशी जुळतो. येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स हे १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप होते. आजच्या वसई धर्मप्रांताचा प्रदेशही तेव्हा मुंबईच्याच अखत्यारीत होता. एतद्देशीय धर्मगुरूच मुंबईचा आर्चबिशप व्हावा म्हणून त्यांनी स्वतः वाट मोकळी केली व व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे उत्तराधिकारी झाले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेत १९६५ मध्ये रॉबर्ट्स यांनी लेखी निवेदन दिले आणि सद्सद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांची बाजू मांडताना येगरश्टेटर यांचे उदाहरण पुढे ठेवले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला घोषित झालेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात अशा व्यक्तींसाठी कायद्याने मानवतेची तरतूद करावी, असे म्हटले आहे.

बर्लिनच्या न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी देहदंडाचा निकाल रद्द ठरविला. १ जून २००७ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी फ्रान्झ यांच्या रक्तसाक्ष्यास मान्यता दिली. ज्या लिंत्स धर्मप्रांताच्या पत्रात एकेकाळी त्यांच्यावरील लेखास जागा मिळाली नव्हती, त्याच लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये २६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिनल झुझे सराइव्हा मार्टिन्स यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्का समोर बसल्या होत्या. वयाची शंभर वर्षे पूर्ण करून १६ मार्च २०१३ रोजी त्या देवाघरी गेल्या.

फ्रान्झ व फ्रान्झिस्का यांचा पत्रव्यवहार २००९ पासून इंग्रजीत पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. धर्मग्रामांतील पुरुषांनी लहान ख्रिस्ती समूहांत तो थोडा थोडा वाचावा अशी आमची शिफारस आहे. त्यात धर्मशास्त्रीय चर्चेच्या बरोबरीने शेतीची व घरची कामे, मुलींच्या खोड्या आणि आईची विचारपूस आहे. लिंत्स धर्मप्रांतात त्यांचा स्मरणदिन त्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखेस, २१ मे रोजी पाळला जातो.