पियानो कुणाचा, कौतुक कुणाचं?

समजा, एक सीडी तुम्हाला इतकी आवडली की तुम्ही ती दहा जणांना ऐकवलीत, इंटरनेटवर तिच्याबद्दल भरभरून लिहिलंत. आणि मग कळलं की कव्हरवर जिचं नाव आहे तिनं ती वाजवलेलीच नाही! मग तुमची दाद खोटी ठरते का?

२००७ साली जगभरातल्या पियानोप्रेमींसमोर हाच प्रश्न उभा राहिला.

जॉइस हॅटो (१९२८–२००६) ही ब्रिटिश पियानोवादक. १९७६ नंतर तिनं जाहीर मैफिली बंद केल्या. कर्करोगाशी झुंजत ती रेकॉर्डिंग करत राहिली, असं सांगितलं जाई. नवरा विल्यम बॅरिंग्टन-कूप 'कॉन्सर्ट आर्टिस्ट' ही छोटी रेकॉर्ड कंपनी चालवायचा. तिथून हॅटोच्या नावावर शंभरावर सीड्या निघाल्या. शोपँ, लिस्ट, रॅखमनिनॉफ, म्हणजे पियानोतलं अवघड ते सगळं. तिचं नाव आधी पसरवलं ते इंटरनेटवरच्या हौशी श्रोत्यांनी, मग समीक्षकांनीही डोक्यावर घेतलं. आजारी, विस्मृतीत गेलेली आणि तरी असं वाजवणारी बाई! कुणाला आवडणार नाही?

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका श्रोत्यानं तिची लिस्टच्या 'ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स'ची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर नाव आलं लास्लो सिमोन, हा वेगळाच पियानोवादक.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरनं संगीत ऐकलंच नव्हतं. सीडीवर एक सेकंद ७५ भागांत विभागलेला असतो. प्रत्येक ट्रॅक कितव्या भागापासून सुरू होतो, एवढंच सॉफ्टवेअर बघतं आणि तो आकड्यांचा संच ऑनलाइन यादीशी ताडून पाहतं. असा मेळ कधीकधी योगायोगानंही जुळतो, म्हणून हा पुरावा नव्हे, नुसता संशय. पण 'ग्रामोफोन' मासिकानं ध्वनितज्ज्ञ अँड्र्यू रोझ यांच्याकडून ध्वनिलहरी तपासून घेतल्या, तेव्हा बहुतेक ट्रॅक सिमोनचेच निघाले.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. त्याच सुमारास लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमध्ये निकोलस कुक आणि क्रेग सॅप शोपँच्या मझुर्कांचा अभ्यास करत होते. मझुर्का हा पोलिश नाचावर बेतलेला प्रकार, तीन मात्रांचा. पण त्या मात्रा कुणीच घड्याळासारख्या वाजवत नाही. एखादी रेंगाळते, एखादी घाई करते. या दोघांनी अनेक वादकांच्या मात्रांमधली अंतरं मोजली आणि त्यांचे आलेख एकमेकांशी ताडून पाहिले. एकाच वादकानं तोच मझुर्का पुन्हा वाजवला तरी आलेख हुबेहूब येत नाही. हॅटो आणि यूजीन इंजिक यांचे मात्र जवळजवळ एकच आले! काही सीड्यांवर मूळ रेकॉर्डिंगचा वेग थोडा बदललेलाही होता. पण फोटो सारख्या प्रमाणात मोठा केला तरी चेहरा तोच राहतो ना, तसंच मात्रांचं प्रमाणही बदलत नाही.

पुढे बॅरिंग्टन-कूपनं सिमोनच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून कबुली दिली. वाजवताना बायकोच्या तोंडून वेदनेचे आवाज निघत, ते झाकायला सुरुवातीला दुसऱ्यांचे तुकडे जोडले, असं त्याचं म्हणणं. पण अख्खे ट्रॅकच्या ट्रॅक दुसऱ्यांचे निघाल्यावर ते कितपत पटावं, तुम्हीच ठरवा.

मग श्रोते मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. त्यांनी चांगल्या वादनालाच चांगलं म्हटलं होतं. चुकलं ते इतकंच, की कानासोबत ती कहाणीही ऐकत होती. एका समीक्षकानं तर रॅखमनिनॉफच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोचं येफिम ब्रॉन्फमनच्या नावावरचं रेकॉर्डिंग फिकं ठरवलं होतं. तेच हॅटोच्या नावानं आलं तेव्हा वाखाणलं!

खरं नुकसान झालं सिमोन, इंजिक यांच्यासारख्यांचं. प्रबंधात दुसऱ्याचा परिच्छेद उतरवला तर त्याला चोरीच म्हणतात, इथे तर अख्खी मेहनत नाव पुसून विकली गेली. दाद खरीच होती, फक्त चुकीच्या पत्त्यावर पोचली. म्हणून आज लिस्टचे एट्यूड्स ऐकावेसे वाटले तर लास्लो सिमोनचे शोधा. आवडले तर त्याच्याच नावानं चार लोकांना सांगा.