फाटकावरील पहाऱ्यापासून सुरक्षा व्यवस्थापनापर्यंत

बिदर शहरात १६ जानेवारी २०२५ रोजी भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेसमोर दोघा दुचाकीस्वारांनी एटीएममध्ये भरावयाची रोकड भरदिवसा लुटली. गोळीबारात रोकड वाहतूक कंपनीचा एक कर्मचारी ठार झाला व दुसरा गंभीर जखमी झाला. त्याच दिवशी लुटारूंनी हैदराबादमधील अफजलगंज भागातही एकावर गोळी झाडली. बिदरमध्ये रोकडीसोबत सशस्त्र पहारेकरी नसल्याची बाब नंतर पुढे आली.

वास्तविक अशा वाहतुकीसाठी नियमांची उणीव नव्हती. रोकड वाहनात चालकाव्यतिरिक्त दोन सशस्त्र रक्षक व दोन रोकड कर्मचारी असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आणि केंद्रीय गृह मंत्रालयाचे नियम २०१८ पासूनच सांगतात. नियम कागदावर असणे आणि रोज सकाळी वाहन निघण्यापूर्वी ते पाळले गेले आहेत याची खातर‌जमा होणे, या दोहोंमधील अंतर भरून काढणाऱ्या पेशाला कॉर्पोरेट सुरक्षा व्यवस्थापन म्हणतात.

पेशाचा उदय

गिरण्या व कारखान्यांत पूर्वी ‘वॉच अँड वॉर्ड’ विभाग असे. फाटकावरील नोंदवही, झडती आणि रात्रीची गस्त एवढीच त्याची व्याप्ती. निवृत्त सैनिक वा पोलीस अधिकारी त्याचा प्रमुख असे. अमेरिकेत १९५५ साली औद्योगिक सुरक्षा अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. ‘एसिस इंटरनॅशनल’ या नावाने ती आज ओळखली जाते. तिने १९७७ पासून व्यावसायिक प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली आणि अनुभवाच्या जोडीला अभ्यासक्रम आला.

भारतात सार्वजनिक उद्योगांसाठी १९६९ साली केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभे राहिले. महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला. संस्थांना परवाना बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा २००५ चा. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी उद्योगांनाही मोबदला देऊन केंद्रीय दलाची सुरक्षा घेता येऊ लागली.

सीमाभागातील गरज

कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी, शहाबाद, सेडम व मळखेड हा चुनखडी आणि सिमेंटचा पट्टा. खाणीतील सुरुंगांसाठी लागणाऱ्या स्फोटकांचा साठा, त्यातील प्रत्येक कांडीचा हिशेब, वजनकाट्यावरील मालमोटारींची तपासणी आणि कंत्राटी कामगारांची ओळखपडताळणी ही येथील सुरक्षेची खरी कामे होत. बिदर जिल्ह्यातील कोळार व हुमनाबाद औद्योगिक वसाहतींत रसायने व औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. तेथे ज्वलनशील द्रव्याची चोरी हा केवळ आर्थिक तोटा नसून अपघाताचे निमंत्रण ठरते.

तेलंगण व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या हद्दी जवळ असल्याने गुन्हेगार काही तासांत दुसऱ्या राज्यात पोहोचतो. म्हणून तिन्ही राज्यांच्या पोलिसांशी संपर्क असणे ही येथील सुरक्षा व्यवस्थापकाची प्राथमिक गरज आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत कन्नड, मराठी, उर्दू व हिंदी एकत्र नांदतात. संकटकाळातील सूचना केवळ इंग्रजीत असतील, तर त्या वेळेवर कोणालाच उपयोगी पडणार नाहीत.

काम आणि पात्रता

सुरक्षा व्यवस्थापक धोक्यांचे सर्वेक्षण करतो, प्रवेशाचे नियम ठरवतो, कंत्राटी संस्थेचा परवाना व रक्षकांचे प्रशिक्षण तपासतो, सराव घेतो आणि घटनेनंतर कारणांचा अहवाल व्यवस्थापनापुढे ठेवतो. केंद्राच्या नमुना नियमांनुसार रक्षकाला १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक असते. माजी सैनिकांना त्यात सवलत आहे. उच्च शिक्षणासाठी गांधीनगर येथील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठात खासगी, औद्योगिक व कॉर्पोरेट सुरक्षेचा स्वतंत्र विभाग आहे.

तथापि पदवीने सारे साधत नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली गेली की पहिली कात्री प्रशिक्षणाला आणि मनुष्यबळाला लागते. त्या काटकसरीची किंमत अखेर मोजतो तो रोकडीची पेटी हाती घेऊन रस्त्यावर उभा असलेला कर्मचारी. गोव्यातील हॉटेले, औषध कारखाने व बँका यांनाही हाच हिशेब लागू आहे. ‘आज हे वाहन निघणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच खऱ्या अर्थाने सुरक्षा व्यवस्थापक होय.