अठ्ठावीस डायोडचा त्रिताल

इलेक्ट्रॉनिक तालयंत्राकडे, म्हणजे ज्याला सर्रास ड्रम मशीन म्हणतात त्याकडे, आपल्याकडे दोन नजरांनी पाहिले जाते. शास्त्रीय संगीत शिकणारा त्याला रियाजाची सोय मानतो. हलगी, संबळ, ढोलकी वाजवून घर चालवणारा कलावंत त्याला पोटावरचा पाय मानतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु यंत्राच्या पोटात ठेका कसा बसवलेला असतो हे पाहिल्याशिवाय त्याने काय घेतले आणि काय घेता आले नाही, हे ठरवता येत नाही. सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, आणून असे यंत्र घरी जुळवणे हा ते पाहण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. या लेखात त्या किटचा इतिहास आणि त्याचा आपल्या तालांशी असलेला संबंध तपासायचा आहे.

जगातील वाटचाल

विजेवर ताल धरणारे पहिले महत्त्वाचे यंत्र अमेरिकेत १९३१च्या सुमारास तयार झाले. हेन्री कॉवेल या संगीतकाराच्या मागणीवरून लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाने ते बनवले. त्याचे नाव रिदमिकॉन. एका वेळी अनेक लयी एकमेकींवर चढवून ऐकवणे हे त्याचे काम होते. ते बाजारात आले नाही. बाजारात आला तो १९५९ सालचा वुर्लिट्झर कंपनीचा साइडमॅन. त्यात एक चकती फिरे आणि तिच्यावरचे संपर्कबिंदू जुळले की आवाज उठे. १९६३ साली जपानमध्ये डोंका-मॅटिक निघाले. ते काढणारी कंपनी पुढे कॉर्ग या नावाने प्रसिद्ध झाली.

खरा बदल १९६७ साली झाला. एस टोन या जपानी कंपनीच्या इकुतारो काकेहाशी यांनी फिरती चकती काढून टाकली आणि तिच्या जागी डायोडची जाळी बसवली. याच काकेहाशींनी १९७२ साली रोलँड कंपनी स्थापन केली. १९७५ साली अमेरिकेतील पाइया कंपनीने आपल्या मनाचा ठेका भरता येईल असे तालयंत्र किटच्या रूपात विकायला काढले. कारखान्याने भरून दिलेले रुंबा, वॉल्ट्झ, बोसा नोव्हा वाजवत बसण्याऐवजी ग्राहकाला स्वतःचा ठेका बसवता येऊ लागला. आपल्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची घटना आहे.

कागदावरचा ठेका, तारांवरचा ठेका

डायोडची जाळी म्हणजे काय? आडव्या तारा आणि उभ्या तारा. प्रत्येक उभी तार म्हणजे एक मात्रा, प्रत्येक आडवी तार म्हणजे एक आवाज. ज्या मात्रेला जो आवाज हवा, त्या चौकात एक डायोड डकवायचा. डायोडमधून वीज एकाच दिशेने जाते, त्यामुळे एका मात्रेची वीज उलटी फिरून दुसऱ्या मात्रेत शिरत नाही.

हे वर्णन वाचताना तबला शिकलेल्या वाचकाला काहीतरी ओळखीचे वाटेल. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीने ताल लिहिताना आपण हेच करतो. मात्रांचे चौकोन पाडायचे, विभागांच्या रेघा ओढायच्या, समेला फुली, खालीला शून्य, आणि चौकोनात बोल भरायचा. जाळी ही त्या कागदाचीच तांब्याची प्रत आहे.

त्रिताल घेऊ. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. यंत्राला 'धा' नावाचा वेगळा आवाज लागत नाही. दायाँचा 'ना' आणि बायाँचा 'गे' एकदम पडले की 'धा' होतो. 'तिं' आणि 'गे' एकदम पडले की 'धिं' होतो. म्हणजे ना, तिं आणि गे अशा तीनच आडव्या तारा पुरतात. 'ना'च्या तारेवर आठ डायोड, 'तिं'च्या तारेवर आठ आणि 'गे'च्या तारेवर बारा. एकूण अठ्ठावीस डायोडमध्ये त्रिताल बसतो. हाच हिशेब झपतालाला पंधरा आणि रूपकाला नऊ असा येतो.

यातून एक गोष्ट डोळ्यांना दिसते. त्रितालाची खाली नवव्या मात्रेवर लिहितात, परंतु 'गे'च्या तारेवरची मोकळी घरे दहावी ते तेरावी ही आहेत. नवव्या मात्रेला बायाँ अजून बोलतो आणि तेराव्या मात्रेला, टाळी असूनही, तो गप्प असतो. हाताने टाळी देणारा आणि तबल्यावर बसलेला यांच्यातला हा चार मात्रांचा सरकलेला पडदा तबलजीला अंगवळणी असतो. इतरांना तो जाळी भरताना प्रथम कळतो.

सुटे भाग

घरगुती किटमध्ये तीन कामे असतात: लय देणे, मात्रा मोजणे आणि आवाज काढणे.

लय देण्याचे काम बहुतेक वेळा ५५५ ही आठ पायांची चिप करते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली तिचा आराखडा केला. एक खुंटी फिरवली की लय चढते किंवा उतरते.

मोजणीसाठी ४०१७ ही चिप सर्वांत सोपी. तिला दहा बाहेरच्या तारा असतात आणि त्या पाळीपाळीने जाग्या होतात. म्हणजे काहीही न करता तिच्यात झपताल बसतो. आठव्या तारेचे टोक रिसेटच्या पायाला जोडले की मोजणी सातावर संपते आणि रूपक तयार होतो. नववी तार जोडली तर केरवा, सातवी जोडली तर दादरा. कारखान्यात बनलेल्या बहुतेक यंत्रांत मात्र सोळाची मोजणी असते, कारण चार बिटांचा मोजक सोळापर्यंतच जातो आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीतालाही सोळा घरे सोयीची पडतात. सोळात त्रिताल चपखल बसतो, केरवा दोनदा बसतो, पण रूपक आणि झपताल बाहेर राहतात. ही उणीव तालाची नाही, मोजकाची आहे. किट जुळवणारा ती एका तारेने दूर करू शकतो.

आणखी एक बारकावा आहे. 'धिं धिं' असे दोन सारखे बोल लागोपाठ आले की आडव्या तारेवरची वीज मध्ये खाली उतरतच नाही. दोन आघातांऐवजी एकच लांबट आघात होतो. म्हणून प्रत्येक आघात लयीच्या स्पंदाशी जोडून मध्ये तोडावा लागतो. हाताने वाजवणारा दोन बोलांमध्ये बोट उचलतो. यंत्राला ते उचलणे वेगळ्या चिपने शिकवावे लागते.

आवाज काढण्यासाठी ट्विन-टी नावाचे मंडल वापरतात. ते गुणगुणण्याच्या अगदी अलीकडे आणून ठेवायचे. विजेचा धक्का बसला की भांड्यावर टिचकी मारल्यासारखे ते क्षणभर वाजते आणि विरते. मोठे कपॅसिटर घातले की खर्जाचा बायाँ, लहान घातले की दायाँ. परंतु येथे किटची मर्यादा लगेच कळते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ साली स्वतंत्र निबंधात दाखवून दिले की, शाई लावलेल्या चामड्यातून उठणारे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकांच्या पटीत जुळतात. साध्या चामड्याच्या ढोलात ते तसे जुळत नाहीत. ट्विन-टीमधून एकच साधा स्वर निघतो. शिवाय पाश्चात्त्य बास ड्रमचे मंडल आघातानंतर स्वर खाली पाडते, तर बायाँवर मनगट दाबून स्वर वर चढवतात. त्यामुळे परदेशी आराखडा जसाच्या तसा उतरवला तर बायाँ तयार होत नाही.

मुंबई, १९८२

आपल्याकडे या यंत्राचा सर्वांत धाडसी वापर मुंबईत झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. साथीला तबला नव्हता. रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे होती. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा तिचे सूर पुढे शिकागोत जन्मलेल्या अ‍ॅसिड हाउस संगीताशी किती जुळतात, याची जगभर चर्चा झाली. सिंग २०१५ साली वारले.

त्याच १९८२ साली ब्रिटनमधील वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीची मागणी करणारा ठराव केला. वादकांची भीती सर्वत्र एकच होती.

दुसरी वाट बंगळूरची. तेथे बासरीवादक आणि अभियंता असलेल्या जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आणि पुढे 'तालमाला' हा इलेक्ट्रॉनिक तबला तयार केला. रियाजाला बसणाऱ्याला तबलजी रोज परवडत नाही, ही गरज त्यामागे होती.

तिसरी वाट बेंजो पार्टीची आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्राची. रोलँडने १९८५ साली ऑक्टोपॅड काढला. त्याला आठ पॅड, आणि ते काठीने वाजवायचे. ठेका आपोआप धरणाऱ्या यंत्रापेक्षा हे वाद्य आपल्याकडे कितीतरी अधिक रुजले. मजेची गोष्ट अशी की, ज्याला आपण बेंजो म्हणतो तो बुलबुलतरंगही मूळचा जपानी. १९१२ साली नागोया येथे गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. दोन जपानी वाद्ये घेऊन आपल्या पोरांनी मिरवणुकीचा स्वतःचा बाज उभा केला. त्यात वाजवणारा हात शिल्लक राहिला, हे महत्त्वाचे.

आपल्या भागात

उजनीच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. दगड पाण्यात टिकतो. ठेक्याचे तसे नाही. वाजवणारा गेला आणि शिकणारा नसला की तो कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाही.

उजनीनंतर इंदापूर-बारामतीकडे ऊस वाढला, विजेच्या मोटारी आल्या, त्यांबरोबर मोटार रिवाइंडिंगची आणि रेडिओ-टेप दुरुस्तीची दुकाने आली. माझ्यासारख्या अनेकांनी सोल्डरिंग तेथेच शिकले. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे आणि मासिकातील आकृती पाहून जुळवायचे, हीच आमची शाळा.

याच काळात लग्नाच्या वरातीतून होलार समाजाचे वाजंत्री मागे पडले. मातंग समाजाची हलगी आणि गोंधळ्याचे संबळ यांची बोलावणी घटली. त्यांची जागा मुख्यतः ज्याला लोक डॉल्बी म्हणतात त्या मोठ्या भोंग्यांनी घेतली. भोंग्यातून वाजणारा ताल मात्र बहुधा यंत्रातलाच असतो. त्यात हलगीचा आवाज असला तरी तो कुणातरी वादकाचा एकदा मुद्रित केलेला आघात असतो. १९८० सालच्या लिन एलएम-१ या यंत्रापासून खऱ्या वाद्याचे असे नमुने यंत्रात भरण्याची पद्धत सुरू झाली. ज्या हाताचा तो आघात, त्याचे नाव ऐकणाऱ्याला कळत नाही आणि पुढच्या वाजवण्याचे पैसेही त्या हाताला मिळत नाहीत. तक्रार करायची तर या ठिकाणी करायला हवी.

यंत्राला जे घेता आले नाही तेही याच भागात दिसते. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते. दिंडीतला पखवाज पाऊल पाहून लय धरतो. चढ आला की लय बसते, रिंगण आले की उसळते. ५५५ची खुंटी फिरवायलाही तेथे पखवाज्याचाच कान लागेल.

म्हणून माझा आग्रह असा की, किटकडे जपणुकीचे साधन म्हणून पाहावे. त्रिताल, झपताल भातखंड्यांच्या कागदावर सुरक्षित आहेत. हलगीचे आणि संबळाचे आपल्या भागातले ठेके बहुतांशी वादकांच्या हातातच आहेत. ते जाळीत बसवायचे तर वादकाजवळ बसून एकेक आघात विचारावा लागतो: हा भरला की रिकामा, हा मात्रेवर की थोडा मागे? मागे पडणारा आघात घरात बसत नाही, आणि तोच त्या ठेक्याचा जीव असतो. तोही कागदावर वेगळा टिपून ठेवावा लागतो. तालुक्यातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मुलांनी असे एक यंत्र जुळवावे. शेजारी मानधन देऊन गावातला हलगीवाला बसवावा, आणि यंत्रात बसवलेल्या प्रत्येक ठेक्याखाली तो सांगणाऱ्याचे नाव व गाव लिहावे. डायोड रुपया-दोन रुपयांत मिळतो. सांगणारे हात आज गावात आहेत, तोवरच हे काम होईल.