निरोप ठेवणारा फोन

समोर नसलेल्या माणसाशी बोलता यावं, ही इच्छा १८७६ साली ग्रॅहम बेलने पुरी केली. पण फोन आला आणि नवीनच पंचाईत झाली. घंटी वाजते तेव्हा आपण घरात नसलो तर? पत्र दाराच्या फटीतून आत पडून राहतं, फोन मात्र वाजून वाजून गप्प बसतो. कोण बोलणार होतं, काय बोलणार होतं, सगळं हवेत विरतं.

ही पंचाईत ज्याला पहिल्यांदा मनापासून सोडवावीशी वाटली तो होता डेन्मार्कचा व्हाल्डेमार पोल्सन. हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला. १८९८ साली त्याने पोलादी तारेवर चुंबकाच्या मदतीने आवाज उमटवून दाखवला. हेतू हाच, की मालक घरी नसला तरी निरोप राहावा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स जोसेफ त्या यंत्रासमोर चार शब्द बोलला. ते अजून शिल्लक आहेत. सम्राटाचं साम्राज्य १९१८ साली गेलं, तारेवरचा आवाज राहिला! वर्गात पहिलं महायुद्ध शिकवताना हे मला ठाऊक असतं तर मुलं जरा जागी राहिली असती.

आपल्याकडे निरोपाची सोय वेगळीच होती. तिचं नाव शेजारी. तरुण वाचकांना माहीत नसेल, पण आमच्या काळी लोकांच्या व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर नंबरापुढे 'पी.पी.' असं लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतील. आळीत एकाकडे फोन, आणि त्या घरातल्या काकू म्हणजे सगळ्या आळीचा व्हॉइसमेल. "तुमच्या भावाचा फोन होता हो, गाडी पाचला पोचते म्हणाला." निरोपात काकूंचं थोडं तिखटमीठ असायचंच. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून तासन् तास बसायचं. घाई असेल तर अर्जंट, त्याहून घाई असेल तर लाइटनिंग. रात्री शेजारून हाक आली की आधी छातीत धस्स व्हायचं, कारण एवढा खर्च करून सहसा चांगली बातमी कोणी देत नसे.

लखनौ-कानपूर ही आपली पहिली एस्.टी.डी. १९६० ची. मुंबईहून लंडनला थेट फोन लावता येऊ लागला तो १९७६ साली. तेव्हा आम्ही थक्क झालो होतो. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १९७४ मध्ये, अमेरिकेत डॅनी कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकांच्या जाळ्यावरून आवाज पाठवून दाखवला होता. १९९५ साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावर चालणारा इंटरनेट फोन बाजारात आणला. भारतात इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ ला. २००३ साली स्काइप आलं, आणि परदेशी मुलं असलेल्या आमच्यासारख्या आईबापांच्या घरात संगणकाला देवघराइतका मान मिळाला.

आणखी एक गोष्ट सांगतो. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला १९९९ साली आपल्या छोट्याशा धंद्यासाठी ऑफिसात असतं तसं टेलिफोन एक्स्चेंज हवं होतं. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने ते संगणकावर स्वतःच लिहून काढलं आणि सर्वांना फुकट देऊन टाकलं. त्याचं नाव 'ॲस्टेरिस्क', म्हणजे फोनच्या बटणांवरची ती चांदणी.

हेच ॲस्टेरिस्क २०२१ सालच्या टाळेबंदीत नातवाने आमच्या घरी बसवलं. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आणि आमचा जुना फोन इंटरनेटला जोडायची एक डबी, एवढाच पसारा. मी १०१, परदेशातला मुलगा १०२, आमची ताई १०३. नातवाने मला समजावलं ते असं. आवाजाचे सेकंदाला पन्नास तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता लिहिला जातो आणि ते वेगवेगळे निघतात. उशिरा पोचलेला तुकडा चक्क टाकून देतात, कारण बोलण्यात त्याची जागा निघून गेलेली असते. निरोपाला मात्र घाई नसते. तो फाइल होऊन घरातच राहतो. एक उणीव सांगायला हवी. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी तो चालायचा. हा दिव्यांबरोबर झोपतो.

ताईला यंत्राशी बोलणं कधी जमलं नाही. ती थांबायची, उत्तराची वाट बघायची. "अरे, मी बोलतेय. काही विशेष नाही. जेवलात का? ...बरं, ठेवते." चौदा सेकंद. २०२३ साली ती गेली. आमच्याकडे तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण त्या थांबण्यात ती जितकी आहे तितकी कुठल्याच फोटोत नाही.

मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं. बावीस वर्षं लोकांनी ज्याला घरचं मानलं ते दुसऱ्याचं दुकान होतं, आणि दुकानदाराने फळी लावली. त्यात त्याचा दोष नाही. दुकानं बंद होतातच. इतिहासाच्या मास्तराला एवढंच कळतं, की कागद असो वा आवाज, टिकतो तो कुणीतरी आपला समजून जपला म्हणून. पोल्सनची तारही कुणीतरी सांभाळलीच ना!

ताईचा निरोप मी तीन ठिकाणी उतरवून ठेवला आहे. भाचेमंडळींपैकी ज्यांना हवा असेल त्यांनी कळवावं, पाठवून देईन. आणि तुमच्या मोबाइलमध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे असे 'काही विशेष नाही' म्हणणारे निरोप असतील, तर जागा करायला म्हणून ते पुसू नका. आधी कुठेतरी उतरवून घ्या.